टन-किलोमीटरवाले सोनकांबळे

सोनकांबळे साहेबांच्या टेबलापुढून हातात ओझं घेऊन जायची सोय नव्हती. जेवणाचा डबा असो, चहावाल्याची किटली असो की कुणाच्या घरच्या हळदीची पिशवी असो, ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "किती वजन, अन् कुठून आणलं?" दोन्हींची उत्तरं मिळाली की ओठांतल्या ओठांत गुणाकार करायचे आणि समाधानानं मान डोलवायचे. चहावाला वैतागून म्हणायचा, "साहेब, गार व्हायलाय, प्या की गुमान." ते गुमान प्यायचे, पण गुणाकार झाल्यावर. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही बाजारातून जड पिशवी आणताना मला उगाच वाटतं, की आता कुणीतरी वाटेत अडवणार.

मी औशाची. लातूर जिल्हा नवा झाला, त्या नव्या जिल्ह्याचं सांख्यिकी कार्यालय उघडलं आणि तिथं मला नोकरी लागली. पहिल्या दिवशी एसटीतून उतरले ती हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन, कारण लातूरच्या गिरण्या पिठात खडे दळतात अशी माझ्या आईची ठाम समजूत होती. साहेबांनी माझं नियुक्तीपत्र बाजूला सारलं आणि पिशवीकडं बघितलं. "औशाहून आणली? घर स्टँडपासून लांब हाय का? मग ते बी अंतर धरावं लागतंय, बाई." माणूस चक्रम आहे, असं मी तिथंच ठरवून टाकलं. ते मत पुढं पूर्ण बदललं असंही नाही.

आमचं कार्यालय एका आडत दुकानाच्या माडीवर होतं. खालून तुरीचा आणि शेंगदाण्याचा वास यायचा, आणि हमालांच्या शिव्याही यायच्या. अर्ध्या खुर्च्या जुन्या जिल्ह्यातून वाटणीत आलेल्या. त्यांच्या पाठीवर अजून तिकडचंच नाव रंगवलेलं होतं. नव्या जिल्ह्याला स्वतःचे आकडेही नव्हते. सोनकांबळे साहेबांकडं मालवाहतुकीचं काम होतं. जिल्ह्यात रेल्वेनं काय आलं, काय गेलं, जलमार्गानं काय आलं, हे सगळं एका आकड्यात मांडायचं. बाकीच्यांना हे काम म्हणजे शिक्षा वाटे. साहेबांनी ते मागून घेतलं होतं.

त्यांचा जीव टन-किलोमीटरवर होता. एक टन माल एक किलोमीटर नेला, की एक टन-किलोमीटर. वजनाला अंतरानं गुणायचं, झालं. एवढ्या साध्या गोष्टीवर माणूस इतका जीव कसा टाकतो हे मला कळेना. तेव्हा त्यांनी मला सिमेंटच्या पोत्याची गोष्ट सांगितली. लातूरला त्या काळी छोटी लाईन होती. बाहेरचा माल मोठ्या लाईनीनं कुर्डुवाडीपर्यंत यायचा आणि तिथं छोट्या डब्यांत भरला जायचा. "बाई, पोतं मोठ्या गाडीत चढलं, तिथं एकदा मोजलं. कुर्डुवाडीला छोट्या गाडीत चढलं, पुन्हा मोजलं. पोतं एक, हिसाबात दोन. वरच्यांना वाटतंय लातुरात लई सिमेंट यायलंय, अन् इथं माणूस एका पोत्यात भिंत उरकायलाय." यावर इलाज एकच, टन-किलोमीटर. पहिल्या गाडीचं अंतर वेगळं, दुसरीचं वेगळं. दोन्हींची बेरीज म्हणजे पोत्याचा सगळा प्रवास, आणि तो काही दोनदा होत नाही. "एकटं वजन सोडू नका. एकटं वजन बहकतंय," हे त्यांचं वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं, की शिपाईसुद्धा कपाट उचलताना ते म्हणायचा.

जलमार्गाच्या रकान्याचा त्यांना विशेष लळा होता. लातूरसारख्या कोरड्या मुलखात जलमार्ग कुठला? सगळे तिथं निरंक लिहून मोकळे होत. पण साहेब आधी नांदेडला होते. तिथं गोदावरी आहे, आणि जिथं पाणी आहे तिथं रकाना रिकामा सोडणं त्यांना पाप वाटे. विष्णुपुरीकडं एक भोई नावेतून धान्याची पोती आणि शेळ्या पैलतीरी न्यायचा. साहेब सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याच्या नावेत बसले. पोती मोजली, शेळ्यांचं वजन अंदाजानं धरलं, नदीची रुंदी विचारली. भोई बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, उन्हाळ्यात नदी आटती, पात्र निम्म्यावर येतं. तवा मी पोती तेवढीच नेतो. तुमच्या हिसाबानं मी उन्हाळ्यात आळशी झालो व्हय?" हा किस्सा सांगताना साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. "भारी हुशार माणूस," म्हणायचे. पण भोयाला काय उत्तर दिलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

ते मूळचे देवणीकडचे. धर्मांतराच्या वेळी बौद्ध झालेलं कुटुंब, थोडी कोरडवाहू जमीन, आणि देवणी जातीची जनावरं. जमीन नावापुरती, खरा आधार जनावरांचाच. थोरले भाऊ संभादादा शाळेत कधी गेले नाहीत. त्यांनी जनावरं सांभाळली आणि धाकट्याला शिकवलं. साहेब हे कधी लपवायचे नाहीत. "मी बी.ए. झालो ते गाईंच्या जिवावर," असं ते भर मिटिंगमध्ये सांगायचे. दादांची एक गाय होती, वानेरी. अंग सगळं पांढरं आणि तोंड काळं. दादा लातूरला आले की भावाची खुशाली विचारण्याआधी तिची सांगायचे. जेवली का, व्याली का, कुणाला शिंग लावलं. साहेबांच्या वहिनी, म्हणजे दादांची बायको, म्हणायच्या, म्हणे, की या घरात पाहुण्यांच्या आधी गाईची विचारपूस होते.

नवा जिल्हा नीट मांडी घालून बसतो न बसतो तोच पाऊस रुसला. पहिल्या वर्षी कमी पडला, दुसऱ्या वर्षी पडलाच नाही म्हणायचा. मांजरा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळू लागली. जनावरांसाठी छावण्या उघडल्या आणि त्यांतली एक संभादादांच्या गावाशेजारी होती. चारा रेल्वेच्या वॅगनींतून उदगीरच्या मालधक्क्यावर यायचा आणि तिथून ट्रकनं छावण्यांत. कुठल्या जिल्ह्याला किती वॅगनी, हे वरचं कार्यालय दर महिन्याला ठरवी. ठरवताना मागच्या महिन्याची वाहतूक बघितली जाई. त्यासाठी वरून हुकूम आला, की प्रत्येक जिल्ह्यानं एकच आकडा कळवावा, पसारा नको.

तो दिवस मला आठवतो. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. इतकी वर्षं वर टिपणं पाठवत होते, की वजन नको, टन-किलोमीटर मागा. आता वरून विचारणा आली होती, की एकच आकडा द्यायचा तर कोणता द्यावा. आमचे मोठे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी, वयानं लहान आणि स्वभावानं बरे होते. ते म्हणाले, "सोनकांबळे, तुम्ही म्हणाल तो." साहेबांनी टन-किलोमीटर दिला. त्या महिन्यापासून आमच्या जिल्ह्याचा आकडा चढतच गेला. साहेब माझ्याकडून बेरजा तपासून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघा बाई, काल जन्मलेला जिल्हा, पण जुन्याला मागं टाकायलाय." पेढेसुद्धा आणले होते त्यांनी. दुष्काळात पेढे, म्हणून मी जरा नाक मुरडलं आणि दोन खाल्ले.

याच दिवसांत संभादादा कार्यालयात आले. धोतराला धूळ, पायांत टायरच्या चपला. मी त्यांना खुर्ची दिली तर ते भिंतीला टेकून उकिडवेच बसले. दादांच्या बायकोच्या माहेरी, बिदरच्या बाजूला, नदीकाठी अजून उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळत होतं. पाहुण्यांचा निरोप होता, जनावरं घेऊन या, पावसाळ्यापर्यंत ठेवू. पण जनावरं चालवत न्यायची म्हणजे दोन-तीन मुक्काम. छावणीत चारा अजून मिळत होता, पण पेंढी बारीक होत चालली होती. दादांना एवढंच विचारायचं होतं, की थांबू का जाऊ.

"दिगू, खरं सांग. चारा येत ऱ्हाईल का?"

साहेबांनी कागद पुढं केला. दादांना वाचता येत नव्हतं, तरी दोघे त्या कागदाकडं बघत होते. "दादा, कुठं उन्हातान्हात हाकीत नेतूस? वाटंतच गळाठतील. वॅगनी यायल्यात. आकडा महिन्याला वाढायलाय. मी सोता मोजायलो न्हवं?"

"तू म्हणतूस म्हंजे खरं," दादा म्हणाले. चहा प्याले, वानेरी गाभण असल्याचं सांगितलं आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. बिदरकडं जायचं रद्द झालं.

आता जे झालं ते सांगायला मला फार शब्द लागणार नाहीत. दुष्काळ पसरत गेला तसा जवळचा चारा संपला. आधी शेजारच्या जिल्ह्यांतून येणारा चारा पुढं परराज्यांतून, अजून लांबून, अजून लांबून येऊ लागला. गाड्यांना जास्त दिवस लागायचे, म्हणून फेऱ्या कमी झाल्या आणि प्रत्येक फेरीला वॅगनीही कमी. दहा टन चारा शंभर किलोमीटरवरून आला तर आकडा हजार होतो. पाच टन चारा चारशे किलोमीटरवरून आला तर तोच आकडा दोन हजार. चारा निम्मा, आकडा दुप्पट. वजनाचे आणि अंतराचे, दोन्ही कागद साहेबांच्याच टेबलावर होते. पण आयुष्यभर गुणाकार करणाऱ्या माणसाला सुटे आकडे दिसेनासे होतात. त्यांना एक फुगत जाणारी संख्या दिसत होती, आणि ती त्यांच्या नव्या जिल्ह्याची होती. मलाही तेच दिसत होतं. सगळ्यांनाच.

वरून पत्र आलं ते दुपारी. या जिल्ह्यातील चारावाहतूक समाधानकारकरीत्या वाढल्यामुळे येथील वॅगनी पुढील आदेशापर्यंत अधिक टंचाईग्रस्त जिल्ह्याकडे वळवण्यात येत आहेत. साहेब ते उभ्यानं वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं, दोन्ही कागद काढले आणि पहिल्यांदाच ते शेजारी शेजारी ठेवून नुसते वजनाचे आकडे वरून खाली बोटानं वाचले. ते उतरत होते. बोट खाली गेलं आणि तिथंच राहिलं. 

ते तसेच मोठ्या साहेबांकडं गेले. मी दारात होते.

"साहेब, वाढलंय ते अंतर हाय. चारा न्हाई वाढला."

मोठे साहेब खरंच गोंधळले. "अहो, पण आकडा तुमचाच ना? एकटं वजन बहकतं, असं तुम्हीच म्हणता."

"म्हणतो, साहेब. चुकलं."

मोठ्या साहेबांनी दुरुस्तीचं पत्र लगेच सही करून दिलं. त्यात त्यांचा दोष नाही. साहेब ते पत्र घेऊन स्वतः वरच्या कार्यालयात गेले. तिथल्या माणसांनी ऐकून घेतलं, खुर्ची दिली. मग सांगितलं, की आकडा एकदा बैठकीपुढं गेला की मधेच बदलत नाहीत, पुढच्या महिन्याच्या विवरणात दुरुस्त करून पाठवा. वॅगनी तर केव्हाच दुसरीकडं निघाल्या होत्या, आणि तिकडचीही जनावरं उपाशीच होती. साहेब परत आले, तेव्हा त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. चहावाला किटली घेऊन त्यांच्यापुढून गेला आणि पुन्हा वळून त्यांच्याकडं बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात छावण्यांची पाहणी निघाली. जीपमध्ये साहेब, मी आणि ड्रायव्हर. दादांच्या गावची छावणी जवळजवळ मोकळी झाली होती. ज्यांची जनावरं उठत होती त्यांनी देवणीच्या बाजारात नेऊन येईल त्याला देऊन टाकली होती. दादांची उठत नव्हती. एका लिंबाखाली वानेरी बसलेली होती. तिची मान दादांच्या मांडीवर होती आणि दादा ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होते. बरगड्या मोजता आल्या असत्या. मी दुसरीकडं बघितलं.

"आता बिदरकडं न्हेऊ, दादा. ट्रक बघतो मी," साहेब म्हणाले.

"ट्रकात चढवायला उभं ऱ्हावं लागतंय, दिगू."

साहेब त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्यांनी दादांना सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. वजन म्हणजे काय, अंतर म्हणजे काय, गुणाकार कसा करायचा, आणि तो कसा फसला. दादांनी मधे एकदाच विचारलं, "म्हंजे चारा जितका लांबून येईल, तितका तुमच्या कागदावर जास्ती?"

"हाव."

दादा बराच वेळ गाईचं तोंड पुसत राहिले. मग अगदी सावकाश, भांडणाचा सूर न लावता म्हणाले, "माय पाणी कुठून आणायची, ध्यानात हाय न्हवं? गावातली हीर आपल्याला बंद होती. ती वढ्यापलीकडून आणायची. तिची घागर अन् पाटलिणीची घागर एकाच मापाची. तुझ्या हिसाबानं कुणाच्या घरी पाणी जास्ती?"

"मायच्या," साहेब म्हणाले.

"अन् तहानलेलं कोण असायचं रे?"

 परतताना जीपमध्ये, उदगीर मागं पडल्यावर, साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिचं चालणं कुणी मोजलं न्हाई, बाई. पाणी भरलं म्हणायचे लोक, घागर बघायचे. ती किती चालली ते कुणाच्या हिसाबात न्हवतं. म्हणून तर मी हे धरलं." मला त्या क्षणी त्यांचा हात धरावासा वाटला. त्या काळात बायकांनी साहेबांचे हात धरायची रीत नव्हती, म्हणून मी खिडकीतून बाहेर बघत बसले. आजही त्याचं वाईट वाटतं.

वानेरी दोन दिवसांनी गेली, पोटातल्या वासरासकट. तिच्यामागं बाकीचीही गेली. दादांनी एकही जनावर बाजारात नेलं नाही. न्यायची वेळ निघून गेली होती. दावणीचे खुंटे त्यांनी स्वतः उपटले, असं वहिनींनी कुणाकडून तरी कळवलं. साहेब गावी गेले की दादा त्यांना जेवायला वाढत, शेजारी बसत, पण थांबू का जाऊ असं त्यांनी भावाला पुन्हा कधी विचारलं नाही. शेताचं नाही, पोराच्या नोकरीचं नाही, कशाचंच नाही. साहेबांना तेच सगळ्यांत जास्त लागलं होतं. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," ते एकदा म्हणाले. "त्यानं मला विचारायचंच सोडलं."

मग पाऊस आला, आणि पाऊस आल्यावर दुरुस्त विवरणाची दखल घेतली गेली. एका ओल्या सकाळी उदगीरच्या मालधक्क्यावर चाऱ्याची गाडी लागली. आवक तपासायला साहेबांना आणि मला पाठवलं. बांध हिरवे झाले होते, छावण्या उठल्या होत्या, आणि वॅगनींतून कोरड्या गवताचे गठ्ठे उतरत होते. उतरवणाऱ्या हमालांत संभादादा होते. जनावरं नसलेल्या माणसाला काहीतरी काम हवंच. साहेबांना बघून ते क्षणभर थांबले. पाठीवरचा गठ्ठा त्यांनी खाली ठेवला, त्यातून एक काडी ओढली आणि दातांखाली धरून चावून बघितली.

"गोड हाय," ते म्हणाले. "तिनं खाल्ला असता."

गठ्ठा पुन्हा पाठीवर घेऊन ते शेडकडं गेले. शेड भरली होती, म्हणून उरलेला चारा उघड्यावर पावसात रचत होते. साहेब त्या महिन्याचा आकडा भरायला कार्यालयात आले. वरून मागणी अजून टन-किलोमीटरचीच होती, आणि त्यांनी तो भरला. नवा जिल्हा झाल्यापासूनचा तो सगळ्यांत मोठा आकडा ठरला, कारण ती गाडी सगळ्यांत लांबून आली होती.